रिकाम्या टाकीला खाऊ

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या घरी काचेची टाकी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, साठेक लिटर पाणी मावेल एवढी. धाकट्या लेकीची ही जुनी मागणी. दोन ईदांची ईदी तिने डब्यात साठवून ठेवली होती, उरलेले पैसे मी घातले. दुकानदाराने टाकी, रंगीत खडी, हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर आणि सहा गोल्डफिश एकाच पावतीवर दिले. ‘नळाचं पाणी भरा, या बाटलीतले दहा थेंब टाका, अर्ध्या तासाने मासे सोडा,’ एवढीच त्याची सूचना. आम्ही तसंच केलं.

तिसऱ्या दिवशी पाणी धुरकट दिसू लागलं. मासे वर येऊन तोंडाची उघडझाप करायला लागले. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, ‘पाणी खराब झालंय, सगळं काढून धुऊन घ्या.’ मी अख्खा रविवार घालवून टाकी, खडी, स्पंज सगळं नळाखाली घासून काढलं. स्पंजातून निघणारं तपकिरी पाणी मोरीत जाताना बघून मला आपल्या कामाचं समाधानही वाटलं. नवव्या दिवशी शेवटचा मासा गेला. गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीत त्याला पुरताना लेकीने विचारलं, ‘पाणी तर एकदम साफ होतं ना अब्बा? मग?’

या ‘मग’ला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्यात मीच आणखी एक प्रश्न जोडला. आमच्या गावच्या मशिदीत वुजूचा हौज होता आणि त्यात मासे होते. दगडी, चौकोनी, दहा हात लांब नि दहा हात रुंद. हनफी फिकहमध्ये मोठं पाणी कशाला म्हणायचं याचं ‘दह दर दह’ असं जे माप रूढ आहे, त्याच मापाचा. (फिकहचा आणि मत्स्यपालनाचा संबंध जोडायला मी निघालेलो नाही. ते माप पाकीसाठी आहे, माशांसाठी नाही.) हौजाच्या भिंतींवर हिरवट-तपकिरी बुळबुळीत थर असायचा. एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही पोरांनी सवाब कमावण्याच्या उत्साहात तो काथ्याने घासायला घेतला, तेव्हा मुअज्जिनचाचांनी आम्हाला अक्षरशः हाकललं. हौज साफ करायचा तर ते निम्मं पाणी काढत, तळाचा गाळ उपसत, निम्मं पाणी तसंच ठेवत. भिंतींना हात लावू देत नसत. का, ते त्यांनी सांगितलं नाही. त्यांना त्यांच्या आधीच्यांनी तसं शिकवलं होतं.

मुंबईची जामा मशीद ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे चित्र ओळखीचं वाटेल. १८०२ मध्ये पूर्ण झालेली ही मशीद एका जुन्या तळ्यावर उभी आहे. १८७४ मध्ये बांधलेल्या १६ काळ्या दगडी कमानी तळ्यातून वर येतात आणि वरची इमारत पेलतात. पाणी तळाच्या झऱ्यांचं. मुंबईच्या जुन्या गॅझेटियरमध्येही या तळ्यातल्या सोनेरी-रुपेरी माशांची नोंद आहे. तिथे कुणी थेंब टाकत नाही, कुणी खडी धूत नाही. दिवसाला पाच वेळा माणसं हातपाय धुतात आणि मासे निवांत फिरत असतात. मग घासूनपुसून लख्ख केलेल्या टाकीत ते का जगू नयेत?

मी इतिहास शिकवणारा माणूस. मासे पाळण्याचं पुस्तक उघडण्याऐवजी मी मासे पाळण्याचा इतिहास उघडला, आणि त्यात लंडनमधले एक बापलेक सापडले. त्यांची गोष्ट सांगण्यासाठीच हा लेख. पण आधी थोडं मागे जावं लागेल.

जिवंत जलचर काचेआड ठेवून पाहण्याची सुरुवात बहुतेक लोक एका फ्रेंच बाईच्या नावावर मांडतात. झान व्हिलप्रो-पॉवर ही मूळची शिवणकाम-भरतकाम करणारी. लग्नानंतर ती सिसिलीतल्या मेसिना शहरात राहायला गेली. तिथल्या समुद्रात आर्गोनॉट नावाचा, अष्टपादाच्या कुळातला एक प्राणी पातळ कागदासारख्या शिंपल्यात राहतो. तो शिंपला त्याचा स्वतःचा की दुसऱ्याचा चोरलेला, यावर विद्वानांत वाद होता. पॉवरबाईंनी १८३२ पासून काचेच्या पेट्या करवून घेतल्या, त्यात आर्गोनॉट पाळले आणि शिंपला तो स्वतःच घडवतो हे दाखवून दिलं. समुद्र दाराशी होता, त्यामुळे पाणी ताजं ठेवणं ही त्यांची मोठी अडचण नव्हती.

लंडनमध्ये ती होती. १८४६ मध्ये ॲना थिन ही एका पाद्र्याची पत्नी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही प्रवाळ घेऊन लंडनला आली. समुद्र लांब. पाणी जिवंत ठेवायचं तर त्यात हवा मिसळायला हवी, म्हणून घरची मोलकरीण उघड्या खिडकीसमोर उभी राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून पहिल्यात ओतत राही, रोज अर्धा-पाऊण तास. पुढच्या वर्षी थिनबाईंनी त्यात समुद्री शेवाळ घातलं आणि प्रवाळ तगले. मत्स्यालयाच्या इतिहासात या मोलकरणीचं नाव कुठे येत नाही. आमच्या घरातला गुणगुणणारा हवेचा पंप तिचं काम करतो, एवढं मात्र मी लेकीला सांगितलं.

आता बाप. रॉबर्ट वॉरिंग्टन (१८०७–१८६७) हा रसायनशास्त्रज्ञ. लंडनमध्ये औषधं बनवणाऱ्यांची जी जुनी संस्था होती तिथल्या कारखान्याचं रासायनिक काम तो बघे. १८४१ मध्ये लंडनची केमिकल सोसायटी स्थापन करण्यात त्याचा पुढाकार होता. १८४९ मध्ये त्याने एक मोठं काचेचं भांडं घेतलं. सुमारे १२ गॅलन, म्हणजे पन्नासएक लिटरचं. जवळजवळ आमच्याच टाकीएवढं. त्यात निम्मं झऱ्याचं पाणी भरलं. तळाला वाळू आणि चिखल, वर दगड. मग व्हॅलिस्नेरिया या पाणवनस्पतीचं एक रोप लावलं आणि दोन लहान गोल्डफिश सोडले. त्याचा हिशेब सोपा होता. मासा प्राणवायू घेतो नि कर्बवायू सोडतो, वनस्पती उलट करते. दोघांचं जमलं तर पाणी बदलायची गरज नाही.

काही दिवस जमलं. मग वनस्पतीची जुनी पानं सडू लागली, पाणी गढूळ झालं, काचेवर हिरवा लेप चढला. माझ्यासारखा माणूस असता तर त्याने सगळं मोरीत ओतलं असतं. वॉरिंग्टन तळ्याच्या काठी जाऊन विचार करून आला. तळ्यातही पानं सडतात, मग तळं का नासत नाही? त्याने तळ्यातल्या पाच-सहा गोगलगाई आणून सोडल्या. त्यांनी सडकी पानं नि लेप खाऊन फस्त केला, पाणी निवळलं, गोल्डफिश टिकले. १८५० मध्ये त्याने हे केमिकल सोसायटीपुढे मांडलं. प्राणी, वनस्पती आणि मेलेलं ते खाणारा तिसरा, असा तीन पायांचा तोल. ‘समतोल टाकी’ ही कल्पना पुढे शंभर वर्षं चालली ती इथून.

ती कल्पना निम्मी खरी होती. वॉरिंग्टनच्या हिशेबात वायू होते, पाणी घाण करणारं खरं द्रव्य नव्हतं. मासा आपल्या शरीरातला नत्राचा कचरा मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनियाच्या रूपात पाण्यात सोडतो. सडणारं खाणं आणि पानं यांतूनही अमोनियाच निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी स्फटिकासारखं असताना मासा त्याने मरू शकतो, कल्ले भाजल्यासारखे होऊन. वॉरिंग्टनचे मासे का वाचले, याचं उत्तर त्याच्या टिपणातच आहे, पण त्याला त्याचं महत्त्व कळण्याची सोय त्या काळी नव्हती. त्याने तळाला वाळू आणि चिखल घातला होता. त्या चिखलात कोण राहत होतं, हे कळायला आणखी २८ वर्षं जायची होती.

मधल्या काळात इंग्लंडला मत्स्यालयाचं वेड लागलं. काचेवरचा कर १८४५ मध्ये उठला होता, काच स्वस्त झाली होती. मे १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडलं. त्यामागे फिलिप हेन्री गॉस हा निसर्गअभ्यासक होता. त्याचं ‘द ॲक्वेरियम’ हे पुस्तक १८५४ मध्ये आलं आणि हा शब्द घरोघर गेला. लोक रेल्वेने समुद्रकिनारी जात, डबकी उपसत, बरण्या भरून आणत. काही वर्षांत हे वेड उतरलंही. १८६८ मध्ये जॉन जॉर्ज वुड या लेखकाने लिहून ठेवलं आहे की दहांतल्या नऊ टाक्या लोकांनी टाकून दिल्या. वुडने जे लिहिलं ते वाचताना मला आमची मोगऱ्याची कुंडी आठवली. त्या नऊ घरांतही कुणा पोराने आपल्या बापाला तोच प्रश्न विचारला असेल. (गॉसचा मुलगा एडमंड याने १९०७ मध्ये आपल्या बापावर पुस्तक लिहिलं. इंग्रजी साहित्यात ते नावाजलेलं आहे. बापाच्या पुस्तकांपायी ते सुंदर किनारे कसे ओरबाडले गेले, याची हळहळ त्यात आहे. या गोष्टीत बापलेकांच्या जोड्या दोन आहेत, मला हवी आहे ती दुसरी.)

आता विषय थोडा वळण घेईल. पाण्यातून जमिनीत जावं लागेल, कारण माशांच्या टाकीचं कोडं सुटलं ते माशांच्या टाकीत नाही, सोऱ्याच्या मातीत आणि गटाराच्या पाण्यात.

सोरा म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य घटक. रासायनिक भाषेत पोटॅशियम नायट्रेट. जुन्या गावांच्या मातीत, गोठ्यांच्या भिंतींच्या बुडाशी, जिथे गुराढोरांचं मूत वर्षानुवर्षं मुरतं, तिथे पांढरी बुरशीसारखी खार फुलते. बिहारमधला नोनिया समाज पिढ्यान् पिढ्या ही माती खरवडून, पाण्यात गाळून, आटवून सोरा काढत असे. पाटण्याच्या बाजारातून डच आणि इंग्रज कंपन्या तो जहाजं भरभरून युरोपात नेत, तिथल्या लढायांसाठी. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त सोऱ्याचा एक शांततामय उपयोग नोंदवला आहे. अकबराच्या आबदारखान्यात सोऱ्याच्या पाण्यात सुरई फिरवून पिण्याचं पाणी थंड करत. मूत आणि शेण मातीत मुरलं की काळाने सोरा होतो, हे नोनियांना माहीत होतं, बादशहाच्या आबदारालाही बहुधा माहीत असावं. कसं होतं, ते युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं. बहुतेकांची समजूत अशी की मातीच्या सच्छिद्र कणांवर अमोनियाचा हवेशी संयोग होतो आणि नायट्रेट बनतं, गंज चढतो तसं. १८६२ मध्ये पाश्चरने शंका काढली की यामागे सूक्ष्मजीव असतील. पुरावा मात्र नव्हता.

तो पुरावा १८७७ मध्ये दोन फ्रेंच शास्त्रज्ञांनी दिला, थिओफिल श्लोझिंग आणि आशिल म्युंट्झ यांनी. पॅरिसच्या गटाराचं पाणी जमिनीत सोडलं की ते शुद्ध का होतं, हे त्यांना शोधायचं होतं. त्यांनी एक मीटर लांबीची काचेची नळी घेतली. भाजून निर्जीव केलेली वाळू आणि थोडी चुनखडीची पूड तिच्यात भरली आणि वरून रोज थोडं थोडं गटाराचं पाणी सोडायला सुरुवात केली. पाणी वाळूतून झिरपत खाली येई. त्याची ते परीक्षा करत. अमोनिया जेवढा वरून गेला तेवढाच खाली. पहिला आठवडा तसाच. दुसरा तसाच. २० दिवस काहीच घडलं नाही.

मग नायट्रेट दिसू लागलं. दिवसागणिक वाढत गेलं, आणि शेवटी अमोनिया पूर्ण नाहीसा झाला.

हवेशी साधा रासायनिक संयोग असता तर तो पहिल्या दिवशीच झाला असता. २० दिवस कशासाठी लागले? कुणीतरी वाळूवर वस्ती करत होतं म्हणून. ही शंका पक्की करायला त्यांनी नळीत क्लोरोफॉर्मची वाफ सोडली. नायट्रेट बंद झालं, अमोनिया जसाच्या तसा खाली येऊ लागला. क्लोरोफॉर्म काढून टाकल्यावरही काम सुरू होईना. तेव्हा त्यांनी बागेतल्या मातीचं थोडं गढूळ पाणी वरून ओतलं. काही दिवसांत नळी पुन्हा कामाला लागली.

हे वाचताना मी खुर्चीतून उठलो. श्लोझिंगच्या नळीत जे २० दिवस होते, तेच आमच्या टाकीला मी दिले नव्हते. आणि जे काम त्यांच्या क्लोरोफॉर्मने केलं, ते माझ्या घरी नळाच्या क्लोरीनने आणि माझ्या हातातल्या ब्रशने केलं. स्पंजातून निघून मोरीत गेलेलं ते तपकिरी पाणी म्हणजे आठवडाभरात कशीबशी जमलेली वस्ती होती.

लंडनच्या उत्तरेला रॉथॅमस्टेड इथे शेतीवर प्रयोग करणारं केंद्र होतं. तिथे १८७६ पासून एक रसायनशास्त्रज्ञ काम करत होता. श्लोझिंग-म्युंट्झचा निबंध वाचून त्याने लगेच तो प्रयोग करून पाहिला आणि १८७८ मध्ये तो खरा असल्याचं जाहीर केलं. हा माणूस म्हणजे रॉबर्ट वॉरिंग्टन. वडिलांचंच नाव लावणारा मुलगा, जन्म १८३८. घरात गोल्डफिशचं भांडं मांडलं गेलं तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता, माझ्या लेकीच्या वयाचा. रसायनशास्त्राचे पहिले धडे त्याने वडिलांच्या प्रयोगशाळेतच घेतले. वडील १८६७ मध्ये वारले, म्हणजे उत्तर मिळण्याच्या दहा वर्षं आधी.

मुलगा पुढची तेरा-चौदा वर्षं या एकाच गोष्टीच्या मागे होता. हे काम उजेडापेक्षा अंधारात बरं चालतं हे त्याने दाखवलं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे हे काम एका टप्प्यात होत नाही, दोन टप्प्यांत होतं, हे त्याने सिद्ध केलं. आधी अमोनियाचं नायट्राइट होतं, मग नायट्राइटचं नायट्रेट. मातीपासून त्याने दोन वेगळी विरजणं तयार केली. एक अमोनियाला नायट्राइटपर्यंत नेऊन थांबे. दुसरं अमोनियाला हातही लावत नसे, पण नायट्राइट दिलं की त्याचं नायट्रेट करून टाके. म्हणजे दोन निराळे मजूर, एकाने टाकलेलं दुसऱ्याने उचलायचं.

मासे पाळणाऱ्याच्या दृष्टीने हा मधला टप्पा फार धोक्याचा. नायट्राइट माशाच्या रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेतं. रक्त तपकिरी पडतं. भोवती हवा भरपूर असूनही मासा गुदमरतो. पहिला मजूर आला आणि दुसरा अजून यायचा आहे, अशा दिवसांत टाकीत मासे असतील तर अमोनियातून वाचलेले नायट्राइटने जातात. शेवटी तयार होणारं नायट्रेट तुलनेने सौम्य. थोडं थोडं पाणी बदललं की ते आटोक्यात राहतं.

वॉरिंग्टनला हे जीव शुद्ध रूपात वेगळे काढता आले नाहीत. त्या काळी जीवाणू जिलेटिनवर वाढवत, आणि हे जिलेटिनवर वाढेनात. १८९० मध्ये झुरिकमध्ये सर्गेई विनोग्राद्स्की या कीव्हमध्ये जन्मलेल्या, तरुणपणी पियानो शिकायला गेलेल्या शास्त्रज्ञाने कारण ओळखलं. यांना तयार अन्न लागतच नाही. अमोनिया जाळून मिळणाऱ्या ऊर्जेवर ते हवेतल्या कर्बवायूपासून स्वतःचं शरीर बांधतात. त्याने अन्नविरहित द्रावणात त्यांना वाढवलं. नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर ही नावंही त्याचीच.

एवढं सगळं १८९० च्या दशकात ठाऊक होतं, तरी मासे पाळणाऱ्यांपर्यंत ते पोचायला विसाव्या शतकाचा मध्य उजाडला. मला या इतिहासातली ही सर्वांत खटकणारी गोष्ट वाटते. मातीचे अभ्यासक मातीबद्दल लिहीत होते, शेतकऱ्यांसाठी. दिवाणखान्यातल्या काचेच्या पेटीचा त्यात संबंध कुणाला दिसणार? तिकडे शौकीन मंडळी थोरल्या वॉरिंग्टनचा वायूंचा तोल धरून बसली होती. न्यूयॉर्कचे मत्स्यशास्त्रज्ञ जेम्स ॲट्झ यांना १९४९ मध्येसुद्धा ‘समतोल टाकी’ ही दंतकथा आहे, प्राणवायू मुख्यतः पाण्याच्या पृष्ठभागातून येतो, असा लेख लिहावा लागला. जुने शौकीन मात्र एक गोष्ट सवयीने करत आले होते, ‘जुनं पाणी’ जपत होते. कारण चुकीचं सांगत, कृती जवळपास बरोबर करत. खरं तर वस्ती पाण्यात फारशी नसतेच. ती खडीवर, स्पंजात, काचेवर, जिथे पाय रोवायला जागा मिळेल तिथे असते. मुअज्जिनचाचा पाण्यापेक्षा भिंतीला जपत होते, ते अधिक नेमकं.

ज्ञान जिथे तातडीने वापरलं गेलं ती जागा होती गटार. १९१४ मध्ये मँचेस्टरच्या एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट यांनी सांडपाण्याच्या बाटलीत सतत हवा सोडून पाहिली. अमोनियाचं पूर्ण नायट्रेट व्हायला सुमारे पाच आठवडे लागले. मग त्यांनी एक साधी गोष्ट केली. वरचं नितळ पाणी ओतून दिलं, तळाचा गाळ ठेवला आणि त्याच गाळावर नवं सांडपाणी घातलं. या वेळी कमी दिवस लागले. पुन्हा तेच, आणखी कमी. असं करता करता पाच आठवड्यांचं काम एका दिवसाच्या आत आलं. आपण कालच्या दह्याचं विरजण ठेवतो, त्याहून यात वेगळं काय आहे? जगभरची सांडपाणी केंद्रं आजही मुख्यतः याच पद्धतीने चालतात. या दोघांच्या मागे ज्यांची कल्पना होती ते गिल्बर्ट फाउलर १९१६ मध्ये बेंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्राध्यापक म्हणून आले, म्हणजे हा धागा आपल्याकडेही पोचला.

अलीकडच्या काळात मत्स्यालयांनी हे ऋण फेडलं, असं म्हणता येईल. १९९० च्या दशकात गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या तेव्हा विनोग्राद्स्कीचा नायट्रोबॅक्टर तिथे सापडेचना. ते काम नायट्रोस्पिरा नावाचा दुसराच जीव करत होता. २००५ मध्ये अमेरिकेतल्या सिॲटलच्या मत्स्यालयातल्या खडीतून अमोनिया जाळणारा असा जीव वेगळा काढला गेला, जो जीवाणूच नव्हता, आर्किया या निराळ्याच प्राचीन शाखेतला होता. आणि २०१५ मध्ये कळलं की नायट्रोस्पिराचे काही प्रकार दोन्ही टप्पे एकटेच पार पाडतात. त्यांतला एक मत्स्यपालनाच्या यंत्रणेतल्या फिल्टरमध्ये सापडला. धाकट्या वॉरिंग्टनचे दोन मजूर खरेच आहेत, पण सगळीकडे दोनच असतात असं नाही.

आता आमच्या टाकीकडे. ऑगस्टमध्ये ती पुन्हा मांडली. भडक रंगाची खडी काढून साधी नदीची खडी घातली. नळाचं पाणी भरून क्लोरीन मारणारे थेंब टाकले, पंप चालू केला आणि मासे आणले नाहीत. लेक रोज सकाळी शाळेत जाण्याआधी रिकाम्या टाकीत माशांचं खाणं चिमूटभर टाकायची. ते सडून अमोनिया व्हावा, एवढाच हेतू. अम्मीला हे मुळीच पटलं नाही. ‘मासे नाहीत आणि खाऊ चाललाय. हा इसराफ आहे,’ असं तिने शेजारणीलाही सांगितलं. टाकीला वास यायला लागला तेव्हा तर ती बादली घेऊनच उभी राहिली. तिला मी श्लोझिंगची गोष्ट सांगितली. ऐकून ती म्हणाली, ‘त्या गोऱ्याच्या घरात त्याची आई राहत होती का?’

पाण्याची परीक्षा करायचा संच आणला. काचेच्या नळीत पाच मिलिलिटर पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. लेकीने वहीला चार रकाने आखले. सहाव्या दिवशी अमोनियाचा पिवळा रंग हिरवा झाला. बाराव्या दिवशी नायट्राइटच्या नळीत निळ्याचा जांभळा झाला. पहिला मजूर आला होता. पुढे आठवडाभर जांभळा रंग हलेना. तेव्हा दोन वर्षं जुनी टाकी असलेल्या एका मित्राकडून त्याचा स्पंज ओल्या पिशवीत घालून आणला आणि आमच्या टाकीत पिळला. पाणी चहासारखं झालं. लेक किंचाळली. दुसऱ्या दिवशी पाणी निवळलं, आणि पंचविसाव्या दिवशी नायट्राइटची नळी फिकट निळी झाली.

तरी थांबलो. खाणं टाकून चोवीस तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतात का, ते तीन वेळा पाहिलं. नायट्रेटची नळी शेंदरी झाली होती, म्हणून निम्मं पाणी बदललं. चौतिसाव्या दिवशी, जुम्याला, चार गप्पी आणले. सहा गोल्डफिश या टाकीला फार होते, हे तोवर कळून चुकलं होतं. पिशवी पाण्यावर तरंगत ठेवून, हळूहळू टाकीचं पाणी आत घेत, लेकीने त्यांना सोडलं. अम्मी तस्बीह हातात घेऊन बघत होती. ‘किती दिवस?’ तिने विचारलं. लेक वहीत पाहून म्हणाली, ‘चौतीस.’

आता त्या टाकीत अकरा गप्पी आहेत. गेल्या आठवड्यात फिल्टरमधून बुडबुडे कमी येऊ लागले, तेव्हा मी सवयीने स्पंज घेऊन मोरीकडे निघालो. लेकीने तो माझ्या हातातून काढून घेतला. टाकीतलंच दोन तांबे पाणी बादलीत घेतलं, त्यात स्पंज दोनदा हलकेच दाबला आणि परत बसवला. बादलीतलं तपकिरी पाणी तिने मोगऱ्याला घातलं.